सुलतानाचे शहर आणि आजचे डिजिटल चित्रकार

माणूस भविष्याचे चित्र काढतो तेव्हा ते चित्र भविष्यापेक्षा त्याच्या वर्तमानाबद्दलच अधिक सांगून जाते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपले आजचे जग कसे असेल याची चित्रे काढून ठेवली आहेत. ती पाहताना हसू येते, आणि थोडे वाईटही वाटते. हसू येते, कारण त्यातले बरेचसे घडलेच नाही. वाईट वाटते, कारण त्यातले काही घडायला हवे होते. कालच्या माणसाने पाहिलेला हा उद्या आजचे चित्रकार संगणकावर नव्याने रंगवू लागले आहेत. या कलाप्रकाराला ‘रेट्रो-फ्युचरिझम’ म्हणतात. आम्ही त्याला सोयीसाठी ‘कालचा उद्या’ म्हणू. या प्रकारात चित्रकाराचा आवडता विषय म्हणजे शहर, जे नकाशावर कोठेही नाही असे कल्पनेतले शहर.

कथा-कविता आणि समाजचिंतनात रमणाऱ्या आपल्या वाचकाला हा विषय परका वाटण्याची शक्यता आहे. मात्र एका मुस्लिम स्त्रीने १९०५ सालीच असे एक संपूर्ण शहर शब्दांत उभे केले होते, आणि आज देशोदेशीचे कलावंत त्या शहराकडे वळत आहेत. ते शहर रंगवताना त्यांच्या हाती काय लागते आणि काय निसटते, याचा विचार आपण नाही करायचा तर कोणी करायचा?

प्रथम या परंपरेकडे थोडक्यात पाहू. १८९९ पासून पुढील दहा-अकरा वर्षांत फ्रान्समध्ये झां-मार्क कोते आणि इतर काही चित्रकारांनी सन २००० मधील जीवनाची एक चित्रमालिका तयार केली. त्यात पंख लावलेले अग्निशामक जवान उडत जाऊन आग विझवतात. त्यातले शाळेचे चित्र आम्हा शिक्षकांना विशेष रस वाटावे असे आहे. गुरुजी एका यंत्रात पुस्तके टाकत आहेत, यंत्राचा दांडा फिरवला जात आहे, आणि पुस्तकांतले ज्ञान तारांमधून रांगेत बसलेल्या विद्यार्थ्यांच्या डोक्यात उतरत आहे. चित्रकाराने यंत्राची कल्पना शंभर वर्षे पुढे नेली, पण वर्ग होता तिथेच ठेवला. बाकावर मुलगेच आहेत आणि शिकवणारा पुरुषच आहे. पुस्तक दळणारी गिरणी त्याला सुचली, पण त्या बाकावर मुलगी बसेल हे सुचले नाही.

पुढे १९२७ मध्ये जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ आला. त्यात वर मनोरे आणि बागा आहेत आणि खाली जमिनीच्या पोटात राबणारे मजूर. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात जनरल मोटर्स कंपनीने नॉर्मन बेल गेडिस यांच्याकडून ‘फ्युचरामा’ नावाची १९६० सालच्या अमेरिकेची प्रचंड प्रतिकृती करून घेतली. प्रेक्षक सरकत्या खुर्च्यांत बसून वरून ती पाहत. मोटार विकणाऱ्या कंपनीच्या भविष्यात सर्वत्र मोटारींचे रुंद रस्ते होते, यात नवल नाही. १९८२ चा ‘ब्लेड रनर’ हा चित्रपट नोव्हेंबर २०१९ मधले लॉस एंजेलिस दाखवतो. सिड मीड या चित्रकाराच्या रेखाटनांवर उभे राहिलेले ते पावसात भिजणारे, निऑनच्या दिव्यांनी उजळलेले शहर आजही डिजिटल चित्रकारांच्या मनावर राज्य करते. ते ‘भविष्य’ आता मागे पडले आहे. तरीही भविष्यातले शहर म्हटले की हात त्याच मनोऱ्यांकडे वळतो.

या सर्व चित्रांत आपली वस्ती कोठे आहे? शोधू गेले तर सापडते, पण फार दूरच्या ग्रहावर. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधील टॅटुईन या वाळवंटी ग्रहाचे चित्रण दक्षिण ट्युनिशियात झाले, आणि ग्रहाचे नावही तेथील ततावीन या गावावरून आले. गोल छपरांची ती बुटकी, पांढरी घरे खऱ्या माणसांच्या खऱ्या वास्तुकलेतून घेतलेली आहेत, पण चित्रपटात त्या बंदराच्या गावात तस्कर आणि भाडोत्री मारेकरी भेटतात. फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ च्या ‘ड्यून’ कादंबरीत अरबी शब्दांची रेलचेल आहे. २०२१ मध्ये तिच्यावर निघालेल्या चित्रपटासाठी जॉर्डन आणि अबूधाबीची वाळवंटे वापरली गेली. म्हणजे घुमट घेतला, वाळू घेतली, शब्दही घेतले. मात्र त्या घुमटाखाली राहणारा शिक्षक, शिंपी किंवा वैद्य भविष्यात काय करत असेल, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. आपल्या संस्कृतीला या कलेत भूतकाळ म्हणून जागा आहे, भविष्य म्हणून नाही. हा खरा सल आहे.

या पार्श्वभूमीवर बेगम रुकय्या सखावत हुसैन यांच्या ‘सुलतानाज ड्रीम’ या छोट्या कथेचे मोल ध्यानात येते. रुकय्यांचा जन्म १८८० मध्ये आजच्या बांगलादेशातील रंगपूरजवळच्या पायराबंद येथे झाला. घरात कडक पडदा होता. थोरल्या भावाने रात्री चोरून शिकवले तेव्हा त्यांना इंग्रजी-बंगाली येऊ लागले. पती सय्यद सखावत हुसैन भागलपूरला सरकारी अधिकारी होते; त्यांचे मात्र प्रोत्साहन होते. कथा इंग्रजीत लिहिली गेली आणि १९०५ मध्ये मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये छापून आली. १९०८ मध्ये कलकत्त्याहून ती पुस्तकरूपाने निघाली, आणि पुढे रुकय्यांनी स्वतःच तिला बंगाली रूप दिले. २०२४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक विभागाच्या ‘जगाची स्मृती’ या सूचीत तिचा समावेश झाला.

कथा अशी आहे. हिंदुस्थानी स्त्रीच्या स्थितीचा विचार करत खुर्चीत पहुडलेली सुलताना एका अनोळखी देशात जाऊन पोहोचते. सारा नावाची सखी तिला शहर दाखवते. रस्त्यावर सगळीकडे बायकाच आहेत, पुरुष मर्दान्यात बंद आहेत. पायाखाली फरसबंदी नाही, मऊ शेवाळ आणि फुले आहेत. स्वयंपाकघर बागेत आहे. तेथे कोळसा नाही, धूर नाही, कारण सूर्याच्या उष्णतेवर अन्न शिजते. स्त्रियांची दोन विद्यापीठे आहेत. एकाने हवेतले पाणी नळीने ओढून घेणारा फुगा तयार केला, दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठवण्याची विद्या शोधली. पुरुष त्यांना हसले, कारण ते सैन्य वाढवण्यात गुंतले होते. पुढे आश्रयाला आलेल्या परदेशी लोकांवरून शेजारच्या राजाने युद्ध पुकारले, पुरुषांचे सैन्य हरले, तेव्हा दोन हजार विद्यार्थिनींनी सूर्यकिरण एकवटून शत्रूला पळवून लावले. तेव्हापासून पुरुष आत आणि स्त्रिया बाहेर. एकविसाव्या वर्षाआधी कोणाचे लग्न होत नाही. कामाचे तास दिवसाला दोनच, कारण विड्या ओढण्यात वेळ घालवायला कचेरीत पुरुष नाहीत! शेवटी हवेतल्या गाडीत बसून सुलताना राणीला भेटते, प्रयोगशाळा पाहते, आणि परतताना गाडीतून घसरून जागी होते.

हे शहर रंगवण्याचे तीन महत्त्वाचे प्रयत्न आम्हाला नोंदवावेसे वाटतात. पहिला दुर्गाबाई व्याम यांचा. चेन्नईच्या तारा बुक्सने २००५ मध्ये, कथेला शंभर वर्षे झाली तेव्हा, त्यांच्या गोंड शैलीतील चित्रांसह ती प्रसिद्ध केली. गोंड चित्रात माणूस, झाड आणि पाखरू एकाच तोलाने, रेषा आणि ठिपक्यांनी भरलेले असतात. बागेलाच शहर मानणाऱ्या रुकय्यांच्या कल्पनेशी ही शैली सहज जुळते. दुसरा प्रयत्न न्यूयॉर्कच्या चित्रा गणेश यांचा, २०१८ मधील सत्तावीस लिनोकट छापांचा. चित्रा गणेश यांनी अमर चित्रकथेच्या चौकटी पचवलेल्या आहेत, आणि डिजिटल अ‍ॅनिमेशनही त्यांना परके नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या रुबिन संग्रहालयात त्यांची अशी कामे दाखवली गेली. तरी या कथेसाठी त्यांनी लिनोलियम कोरून काळ्या शाईत छापण्याचा जुना मार्ग घेतला. निर्वासित, उजाड होणारा निसर्ग, युद्ध असे आजचे प्रश्न त्या छापांत जुन्या कथेच्या शेजारी येऊन बसतात. तिसरा प्रयत्न स्पेनच्या इसाबेल एर्गेरा यांच्या २०२३ च्या अ‍ॅनिमेशनपटाचा. त्यांच्या हाती कथा आली ती दुर्गाबाईंच्या चित्रांसह. आजच्या नायिकेचा प्रवास जलरंगांच्या धाटणीत, रुकय्यांचे चरित्र सावल्यांच्या बाहुल्यांसारखे, आणि स्वप्नातले शहर मेहंदीच्या रेषांत, अशी त्यांनी विभागणी केली.

मेहंदीची ही निवड आम्हाला फार बोलकी वाटली. मेहंदी ही जनान्यातली कला. ती बाईच बाईच्या हातावर काढते. ज्या आतल्या दालनात ही कला वाढली, तिच्याच रेषेने बाहेरचे मोकळे शहर काढणे म्हणजे कथेचे मर्म ओळखणे होय.

आता संगणकावर अशी चित्रे कशी तयार होतात ते पाहू, कारण त्या कृतीतच त्यांच्या चुका दडलेल्या असतात. चित्रकार बहुधा आधी कच्चे रेखाटन करतो. मग ब्लेंडरसारख्या त्रिमिती प्रणालीत ठोकळे मांडून शहराचा सांगाडा उभा करतो. कॅमेरा कोठे ठेवायचा आणि उजेड कोठून यायचा हे ठरवतो. त्या दृश्यावर थरांमागून थर देत भिंतींचा पोत, गंज, धुके, माणसे रंगवतो. अखेरीस सगळ्यावर जुन्या छपाईचे ठिपके, फिकुटलेला पिवळा रंग, चित्रफितीवरचे ओरखडे असा एक थर चढवतो. झाला ‘कालचा उद्या’ तयार.

आमची पहिली हरकत या शेवटच्या थराला आहे. जुनेपण म्हणजे वरून भुरभुरवलेली धूळ नव्हे. त्या काळच्या माणसाला काय शक्य वाटत होते आणि कशाचा जाच होत होता, यांत ते असते. १९०५ च्या आसपासचे भविष्य काढायचे म्हटले की आजचा चित्रकार पितळी नळ्या, दातेरी चाके आणि वाफेची इंजिने काढू लागतो. स्टीमपंक या नावाने ही शैली लोकप्रिय आहे. परंतु रुकय्यांच्या शहरात वाफ नाही, कोळसा नाही, धुराडेही नाही; ती गेली हीच तर तेथली मोठी गोष्ट आहे. चुलीच्या धुरात डोळे गमावणाऱ्या बाईने पाहिलेले स्वप्न धुराच्या लोटांत रंगवणे म्हणजे कथा न वाचताच चित्र काढणे होय.

मग चित्रकाराने आधार कशाचा घ्यावा? आधार त्या काळातच आहेत, आणि त्यांतले दोन तर आपल्या महाराष्ट्रातले आहेत. विल्यम अ‍ॅडम्स नावाचे एक इंग्रज गृहस्थ मुंबईच्या उच्च न्यायालयात नोकरीला होते. त्यांनी कुलाब्याला आरसे मांडून सूर्याच्या उष्णतेवर पाणी उकळण्याचे, अन्न शिजवण्याचे प्रयोग केले आणि १८७८ मध्ये मुंबईतच त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात ऑग्युस्तँ मूशो यांनी सूर्ययंत्रावर बर्फ तयार करून दाखवला. रुकय्यांची सूर्यचूल ही हवेतली गोष्ट नव्हती. तसेच रंगांचे. त्या काळचा हिंदुस्थानी छापील रंग पाहायचा असेल तर रवी वर्मा छापखान्याची ओलिओग्राफ चित्रे पाहावीत. हा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. अमेरिकन मासिकांच्या मुखपृष्ठांवरून उसने रंग आणण्यापेक्षा हे आरसे आणि हे रंग घेऊन चित्रकाराने आपला संगणक उघडला, तर त्याचे शहर काही वेगळे दिसेल.

दुसरी हरकत कॅमेऱ्याच्या उंचीला आहे. ‘फ्युचरामा’पासून आजपर्यंत कल्पनेतले शहर बहुधा वरून दाखवले जाते. वरून इमारती भव्य दिसतात आणि माणसे मुंग्यांसारखी. रुकय्यांची कथा मात्र पायांनी चालते. पडद्यात वाढलेली सुलताना भर रस्त्यात उघड्या तोंडाने चालायला बावरते. साराच्या हातात असलेली तिची बोटे थरथरतात. जाणाऱ्या-येणाऱ्या बायका तिला हसतात, ती पुरुषी दिसते म्हणतात. म्हणजे काय, तर पुरुषांसारखी भित्री आणि लाजाळू! या शहराचे चित्र काढायचे तर कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा, किंवा त्याहून खाली, फुलांवर जपून पडणाऱ्या पावलांजवळ. थरथरणारी बोटे ज्या चित्रात नाहीत त्यात कितीही सुंदर बगीचा असो, ते सुलतानाचे शहर नव्हे.

हवेतल्या गाडीचेही असेच आहे. चित्रकारांना ती फार आवडते. कथेत ती अगदी साधी आहे. एक चौकोनी फळी, तिच्यावर बसवलेली आसने, वर उचलण्यासाठी हायड्रोजनचे दोन गोळे, आणि विजेवर फिरणारी पाती. राइट बंधूंचे विमान १९०३ च्या डिसेंबरात उडाले होते, म्हणजे कथा छापून आली तेव्हा विमानाला जेमतेम दोन वर्षे झाली होती. पण या फळीचे महत्त्व तिच्या यंत्रात शोधू नये. तिला भिंती नाहीत, पडदा नाही, हे पाहावे. पुढे रुकय्यांनी कलकत्त्यात मुलींची शाळा काढली तेव्हा मुलींना आणायला गाडी ठेवावी लागली. ती चहूबाजूंनी इतकी बंद होती की आत काळोख आणि उकाडा, मुली घाबऱ्या होत, बेशुद्ध पडत. कोणीतरी तिला चालती काळकोठडी म्हटले. मग झडपांऐवजी पडदे लावले, तर वाऱ्याने पडदे उडतात आणि मुली दिसतात म्हणून धमकीची पत्रे आली. हा प्रसंग रुकय्यांनी ‘अवरोधवासिनी’ या १९३१ च्या पुस्तकात स्वतः नोंदवला आहे. उघडी उडती फळी १९०५ ची आणि बंद गाडी त्यानंतरची. स्वप्न आधी पडले, आणि वास्तवाने त्याला असे उत्तर दिले. जो चित्रकार ही बंद गाडी जाणतो, त्याच्या हातून काढली गेलेली उडती फळी निव्वळ खेळणे राहणार नाही.

तिसरी हरकत यंत्राने काढलेल्या चित्रांना आहे. २०२२ पासून चार शब्द लिहिले की चित्र काढून देणाऱ्या संगणकीय प्रणाली सर्वांच्या हाती आल्या. त्या शिकतात आधीच्या चित्रांवरून. अशा प्रणालींना शिकवण्यासाठी वापरल्या गेलेल्या एका सुप्रसिद्ध संग्रहात पाचशे कोटींहून अधिक चित्र-मजकूर जोड्या आहेत. ज्याची चित्रे जगात जास्त, त्याचेच रूप अधिक उमटणार. ‘रेस्ट ऑफ वर्ल्ड’ या वृत्तसंस्थेने २०२३ मध्ये अशा एका प्रणालीकडून ‘भारतीय व्यक्ती’ची शंभर चित्रे मागवली; जवळजवळ प्रत्येक चित्रात दाढीवाला वयस्क पुरुष आला. चाळीस वर्षे ज्यांनी घुमट म्हणजे वाळवंट आणि तस्कर असेच दाखवले, त्यांच्या चित्रांवर वाढलेले यंत्र आपल्याला ‘मुस्लिम शहराचे भविष्य’ म्हणून काय देईल? जे चित्र कधी काढलेच गेले नाही, ते यंत्राला शिकता येत नाही. म्हणून आधी कोणीतरी हाताने, मनाने, अभ्यासाने ते काढणे भाग आहे. साधन संगणकाचे असावे, याला आमची हरकत नाही. प्रश्न पाहणाऱ्या डोळ्याचा आहे.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. रुकय्यांचे शहर तरी न्यायाचे आहे काय? अर्धी माणसे कोंडून उरलेल्या अर्ध्यांना मिळालेले स्वातंत्र्य आदर्श कसे मानावे? आक्षेप रास्त आहे, पण त्याचे उत्तर कथेच्या सुरात आहे. रुकय्या थट्टा करीत आहेत. जे तुम्हाला स्त्रीच्या बाबतीत स्वाभाविक वाटते ते पुरुषाला लावून पाहा, एवढेच त्या सांगतात. सुलताना साराच्या स्वयंपाकघरात जाते तेव्हा तेथे कोणी नसते, कारण परकी स्त्री येणार म्हणून स्वयंपाक करणाऱ्या पुरुषांना आधीच बाजूला व्हायला सांगितलेले असते. आपल्या घराघरांत हे उलट बाजूने किती वेळा घडले आहे! पाहुणे आले की कोणाला आत जावे लागते हे आपल्याला माहीत आहे. चित्रकाराने हे स्वयंपाकघर काढताना चकचकीत आरसे जरूर काढावेत. पण नुकतेच कोणीतरी उठून गेल्याची खूण, अर्धवट चिरलेली भाजी, तीही काढावी. त्या रिकाम्या जागेत कथेचा सारा उपरोध आहे. आजवरच्या चित्रांत शहराचे सौंदर्य पुष्कळ उतरले, हा उपरोध त्या मानाने कमी उतरला, असे आमचे मत आहे. शत्रूला भाजून काढणाऱ्या सूर्यकिरणांकडेही निव्वळ विजयाचे दृश्य म्हणून पाहू नये. ज्या उष्णतेवर अन्न शिजते तीच माणसेही जाळते, हे चित्रात दिसले पाहिजे.

कोणी म्हणेल, चित्रच ते, त्याने कोणाचे काय बिघडते? बिघडते. सौदी अरेबियाने २०२१ मध्ये ‘द लाइन’ या शहराची घोषणा केली, आणि २०२२ मध्ये त्याची डिजिटल चित्रे जगभर पसरली. वाळवंटात १७० किलोमीटर लांब, ५०० मीटर उंच अशा आरशांच्या दोन भिंती आणि त्यांच्या मध्ये शहर. विशेष असे की, इटलीतील सुपरस्टुडिओ या गटाने १९६९ मध्ये साऱ्या पृथ्वीवरून जाणाऱ्या अशाच एका अखंड इमारतीची चित्रे केली होती, आणि ती आधुनिक वास्तुकलेच्या हव्यासावर टीका म्हणून! जुन्या काळी इशारा म्हणून काढलेले चित्र नव्या काळात जाहिरात होऊन आले. त्या देखण्या चित्रांत हुवैतात जमातीची माणसे नव्हती. त्यांना प्रकल्पासाठी तेथून हलवले जात होते, आणि विरोध करणारा एक जण २०२० मध्ये सुरक्षा दलाच्या गोळीबारात मारला गेला होता. २०२४ मध्ये प्रकल्प आखडता घेतल्याच्या बातम्या आल्या. शहर उभे राहिले नाही, माणसे मात्र उठली. आपल्या गल्लीच्या तोंडाशी पुनर्विकासाचा फलक लागतो, त्यावरही असेच एक डिजिटल शहर असते. त्यात हिरवळ असते, फिरायला निघालेले कुटुंब असते. त्या गल्लीतला रफूगर, बेकरीवाला, मदरशातून परतणारी मुले नसतात. कल्पनेतले शहर पाहताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, की यातून कोणाला वगळले आहे?

शाळेत भविष्यातले शहर हा विषय दिला की मुले-मुली झटकन काढू लागतात. उंच इमारती, उडत्या मोटारी, यंत्रमानव. माणसे क्वचितच असतात, आणि काढणारी मुलगी स्वतः तर त्यात नसतेच. शासनाच्या चित्रकला परीक्षांत स्मरणचित्र आहे, संकल्पचित्र आहे, पण स्वप्नातली वस्ती काढायला कोणी सांगत नाही. २०२० च्या टाळेबंदीनंतर अनेक घरांत अभ्यासासाठी मोबाइल आला, आणि त्यावर बोटाने चित्र काढणाऱ्या मुली आम्ही पाहतो. थर म्हणजे काय, उजेड कसा टाकायचा, हे त्या आपापसांत शिकतात. हात त्यांचा तयार होत आहे. त्यांना हवी आहे ती गोष्ट, आणि ती गोष्ट आपल्याजवळ आहे. रुकय्यांची तर आहेच, पण मराठीतही काशीबाई कानिटकरांनी ‘पालखीचा गोंडा’ या १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत स्त्रीच्या हाती कारभार असलेल्या संस्थानाचे चित्र रंगवले आहे. कलकत्त्याची रुकय्या आणि महाराष्ट्रातल्या काशीबाई, दोघींची शहरे शेजारी शेजारी ठेवून चित्रे काढली गेली तर कितीतरी नवे हाती येईल.

आमची आपल्या लेखकांना विनंती आहे. आपल्या साहित्यात आपण गेलेल्या वाड्यांबद्दल, सुटलेल्या मोहल्ल्यांबद्दल, दंगलीत जळालेल्या घरांबद्दल पुष्कळ लिहिले, आणि ते लिहिणे आवश्यकच होते. आता पन्नास वर्षांनंतरचा मोहल्ला लिहा. तिथे पाणी कुठून येते, चूल कशावर पेटते, वाचनालय कोण चालवते, रात्री दहा वाजता बसमधून कोण उतरते आणि न घाबरता घरी कोण चालत जाते, ते लिहा. चित्रकार मग त्यावरून चित्रे काढतील. शब्द नसतील तर ते उसन्या मनोऱ्यांवरच भागवतील. रुकय्यांची कलकत्त्यातली शाळा १९११ मध्ये आठ मुलींवर सुरू झाली, आणि सुरुवातीला ती उर्दू माध्यमाची होती. स्वप्नातल्या दोन विद्यापीठांपासून ती फार दूर होती. तरी बाईंनी ती १९३२ मध्ये आपले निधन होईपर्यंत चालवली.